मुलांच्या कागदावर आपला हात नको: परिसरातील बालकलावर्गात नव्याने येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी

परिसरातील मुलांसाठी चालणाऱ्या कलावर्गात मदतीला येऊ इच्छिणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा असतो, "मला स्वतःला चित्र काढता येत नाही, तरी चालेल का?" चालते, आणि काही वेळा ते सोयीचेच ठरते, कारण या कामात स्वयंसेवकाला चित्र काढायचे नसते. त्याने जागा मांडायची, साहित्य हाताशी ठेवायचे, मुलांवर लक्ष ठेवायचे, त्यांचे ऐकायचे आणि मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल टेकवण्याचा मोह आवरायचा. यातले शेवटचे काम सर्वांत अवघड असते आणि चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्यांना ते अधिकच जड जाते. पुढे दिलेल्या पायऱ्या साधारण ज्या क्रमाने प्रत्यक्षात समोर येतात त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

होकार देण्यापूर्वी

आपण किती वेळ देऊ शकतो याचा हिशेब आधी स्वतःशी प्रामाणिकपणे करावा. आठवड्यातून तीन दिवस येण्याचे कबूल करून दुसऱ्याच महिन्यात गळून जाणाऱ्या स्वयंसेवकापेक्षा आठवड्याला एकच दिवस, पण न चुकता येणारा स्वयंसेवक मुलांच्या अधिक उपयोगाचा असतो. लहान मुलांना नवा माणूस ओळखीचा व्हायला काही भेटी जाव्या लागतात आणि ओळख पटल्याशिवाय त्यांचा हात मोकळा सुटत नाही. वर्ग दीड तासाचा असेल तर आधीची मांडामांड आणि नंतरची आवराआवर धरून अडीच तास जातील असे गृहीत धरावे. सुरुवातीला दहा-बारा आठवड्यांचाच शब्द द्यावा आणि तो पाळावा.

उपक्रम चालवणाऱ्यांकडे काही गोष्टींची चौकशी करणे आवश्यक आहे. मुले कोणत्या वयाची आहेत, एका वेळी किती येतात, वर्गाची मुख्य जबाबदारी कोणाकडे आहे, मुलांच्या सुरक्षिततेबाबत लेखी नियम आहेत का आणि एखादी काळजीची गोष्ट लक्षात आली तर ती कोणाला सांगायची, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. त्याचप्रमाणे त्यांनीही आपली चौकशी करायला हवी. ओळखपत्र, परिचितांचे संदर्भ, जेथे तशी पद्धत असेल तेथे पोलीस पडताळणी, हे सारे मागितले गेले तर त्यात कमीपणा मानू नये. उलट, काहीही न विचारता "उद्यापासून या" असे सांगणाऱ्या उपक्रमाविषयीच थोडे सावध राहावे, कारण आपल्याला जसे सहज आत घेतले तसे आणखी कोणालाही घेतले गेले असणार.

पहिला दिवस शक्य असेल तर फक्त पाहण्यासाठी ठेवावा. कोपऱ्यात, मुलांच्या उंचीच्या बाकावर बसून कोणते मूल कोठे बसते, रंग कोण वाटते, भांडण कशावरून होते आणि मुख्य शिक्षक कोणत्या क्षणी बोलतात व कोणत्या क्षणी गप्प राहतात हे टिपून ठेवावे.

सुरक्षिततेचे नियम, अपवादाविना

हा भाग रुक्ष वाटला तरी तो गाळून पुढे जाता येणार नाही. कोणत्याही मुलाबरोबर बंद दाराआड एकटे राहू नये. वर्गात नेहमी किमान दोन प्रौढ असावेत, आणि एखाद्या मुलाशी वेगळे बोलण्याची गरज पडली तर ते इतरांच्या नजरेच्या टप्प्यात बोलावे. किती मुलांमागे किती प्रौढ असावेत याबाबत ठिकठिकाणचे नियम निराळे आहेत. ब्रिटनमधील एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था ४ ते ८ वर्षांच्या सहा मुलांमागे एक, ९ ते १२ वर्षांच्या आठ मुलांमागे एक आणि १३ ते १८ वर्षांच्या दहा मुलांमागे एक प्रौढ असावा असे सुचवते, आणि स्थानिक नियम नसेल तेथे हा अंदाज कामाला येतो. रंग, पाणी आणि कात्र्या एकाच वेळी बाहेर काढल्या असतील तेव्हा मात्र हे प्रमाणही अपुरे पडते.

मुलाचा हात धरून ब्रश फिरवणे, गालाला हात लावणे, मांडीवर घेणे हे टाळावे. मूल पडले, रडू लागले, तर त्याला विचारून खांद्यावर हात ठेवण्यास हरकत नाही. मुलांची छायाचित्रे आपल्या खाजगी फोनवर घेऊ नयेत. पालकांची लेखी संमती असेल तरच, आणि उपक्रमाने ठरवून दिलेल्या व्यक्तीनेच ती घ्यावीत. मुलाला घ्यायला कोण येणार हे हजेरीच्या वहीत लिहिलेले असते, आणि त्यात नाव नसलेली व्यक्ती कितीही ओळखीची असली तरी मुख्य शिक्षकाला विचारल्याशिवाय मूल तिच्या हवाली करू नये. ऍलर्जी, औषधे आणि पालकांचे संपर्क क्रमांक यांची यादी कोठे ठेवली आहे हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे.

चित्र काढताना मुले बोलतात. हात कामात गुंतला की जीभ सैल होते, आणि कधीतरी एखादे मूल मान खाली घालूनच आपल्याला कोणी मारते किंवा त्रास देते असे सांगून जाते. अशा वेळी चेहऱ्यावर घाबरेपणा न दाखवता शांतपणे ऐकून घ्यावे, "हे तू सांगितलेस ते बरे केलेस" एवढे म्हणावे आणि "मी कोणालाच सांगणार नाही" असे वचन कदापि देऊ नये. "त्यानेच केले ना?" यांसारखे, उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत. मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे, तारीख आणि वेळेसह लिहून ठेवावेत आणि त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीला सांगावे. स्वतः तपास करायला निघणे किंवा थेट त्या कुटुंबाशी बोलायला जाणे यामुळे मुलाचा धोका वाढू शकतो.

कोणत्या वयात काय दिसते

मुलांच्या चित्रांकडे प्रौढांच्या फसलेल्या चित्रांसारखे न पाहता त्यांचे स्वतंत्र शास्त्र आहे असे मानण्याची सुरुवात बरीच जुनी आहे. फ्रान्झ चिझेक या कलाशिक्षकाने १८९७ मध्ये व्हिएन्ना येथे मुलांसाठी कलावर्ग सुरू केला, आणि मुलांवर प्रौढांची पद्धत न लादता त्यांना आपल्या मनाने काढू द्यावे असा त्याचा आग्रह होता. पुढे व्हिक्टर लोवेनफेल्ड या ऑस्ट्रियात जन्मलेल्या अभ्यासकाने १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांतील वाढीचे टप्पे मांडले. त्याने दिलेल्या वयाच्या रेषा काटेकोर धरू नयेत, आणि पुढील अभ्यासकांनी त्यांवर आक्षेपही घेतले आहेत. तरीही नव्या स्वयंसेवकाला समोरच्या कागदावर काय चालले आहे हे कळण्यासाठी त्याहून सोपी वाट मला माहीत नाही.

साधारण दोन ते चार वर्षांचे मूल गिरगटते. त्या रेघोट्यांना अर्थ नसतो असे वाटते, पण रोडा केलॉग या अमेरिकी बालशिक्षिकेने मुलांची चित्रे अतिशय मोठ्या संख्येने गोळा करून त्यांत वीस मूलभूत प्रकारच्या रेघोट्या वेगळ्या काढून दाखवल्या. या वयाच्या मुलाला खांद्यापासून हात फिरवायचा असतो, म्हणून त्याला मोठा कागद आणि जाड मेणखडू द्यावा, आणि कागद टेबलाला चिकटपट्टीने चिकटवून द्यावा. तो सरकत राहिला की मुलाचे अर्धे बळ तो धरून ठेवण्यातच जाते.

चार ते सात या वयात पहिला माणूस उमटतो. एक मोठे वर्तुळ, त्यात दोन डोळे, आणि त्या डोक्यालाच थेट फुटलेले हातपाय. धड विसरले म्हणून ते मूल चुकले असे समजू नये. मुलाने त्याला महत्त्वाचे वाटते ते काढलेले असते. आकारही महत्त्वानुसार ठरतो, म्हणून चेंडू झेलणाऱ्या माणसाचा हात झाडाएवढा होतो. रंगांचे वास्तवाशी नाते अजून जुळलेले नसते. निळे झाड पाहून "झाड कधी निळे असते का?" असे म्हणणारा प्रौढ त्या मुलाला निसर्ग शिकवत नसतो, आपला आवडता रंग येथे वापरायचा नाही एवढेच त्या मुलाला त्यातून कळते.

सात ते नऊ या वयात मुलांची एक ठरलेली मांडणी तयार होते. कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ, वर निळ्या आकाशाची पट्टी, मध्ये मोकळी हवा, आणि घर काढले तर भिंतीतून आरपार दिसणारी आतली माणसे. हे चित्र पाहताना जी तर्कशुद्धता जाणवते ती मोठ्यांच्या चित्रांत क्वचितच सापडते: आकाश वर असते म्हणून वर, माणसे घरात असतात म्हणून दिसायलाच हवीत.

नऊ ते बारा या वयात खरी गोची होते, आणि स्वयंसेवकाची गरजही याच वयात सर्वाधिक असते. मुलाला आता घोडा खऱ्या घोड्यासारखा हवा असतो, आपल्या कागदावरचा घोडा तसा नाही हे त्याला दिसू लागते, आणि शेजारच्या मुलाचा बरा आहे हेही दिसते. अनेक मुले याच सुमारास "मला चित्र येत नाही" असे ठरवून टाकतात आणि तो निर्णय आयुष्यभर पाळतात. आपल्यातल्या बहुतेकांनी तो याच वयात घेतलेला असतो. या वयाला नुसते "मनातले काढ" म्हणून भागत नाही. त्यांना तंत्र हवे असते, आणि ते मागतील तेव्हा द्यावे: दूरची वस्तू लहान कशी दिसते, एका बाजूने उजेड आला की सावली कोठे पडते, वस्तूची कड डोळ्यांनी हळूहळू फिरत कशी पाहावी. मात्र हे सारे आपल्या स्वतंत्र कागदावर दाखवावे. त्यांच्या कागदावर नाही.

हा नियम मी स्वतः मोडून शिकलो. एका मुलीने घोडा जमत नाही म्हणून पेन्सिल पुढे केली, आणि मी मोठ्या आनंदाने तिच्या कागदावर घोडा काढून दिला. तो घोडा तिला इतका आवडला की पुढचे चार आठवडे ती आल्या आल्या कागद माझ्यापुढे सरकवत असे आणि स्वतः शेजारी बसून पाहत असे. तिने पुन्हा पेन्सिल हातात घ्यावी म्हणून जेवढे कष्ट पडले तेवढे तो घोडा काढताना नक्कीच पडले नव्हते.

साहित्याची निवड

साहित्य थोडे असावे, पण चांगले असावे. आठ ठिसूळ ब्रशांपेक्षा केस न गळणारे तीन ब्रश बरे, आणि चोवीस रंगांच्या डबीपेक्षा लाल, पिवळा, निळा, पांढरा असे चार रंग मोठ्या बाटल्यांत असणे बरे. थोडक्या रंगांतून मुले मिश्रणे शोधतात, आणि हिरवा "तयार झाला" याचा आनंद तयार हिरवा देऊन मिळत नाही. लहान मुलांच्या गटाला प्रथम दोनच रंग द्यावेत. तीनही मूळ रंग एकदम हाती आले की पाच मिनिटांत सगळ्या वाट्यांत एकच तपकिरी चिखल होतो.

कागदाच्या जाडीकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. छपाईसाठी वापरतात तो ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद खडू आणि पेन्सिलीला पुरतो, परंतु पाणी लागताच तो सुरकुततो आणि फाटतो, आणि मुलाला वाटते की आपलेच काही चुकले. जलरंगासाठी २०० जीएसएम किंवा त्याहून जाड कागद घ्यावा. तो परवडत नसेल तर त्या दिवशी जलरंग न करता खडूकाम करावे, कारण वाईट कागदावर चांगला अनुभव मिळत नाही.

रंग पाण्यात विरघळणारे आणि मुलांसाठी म्हणून बनवलेले असावेत. डबीवर "एएसटीएम डी-४२३६" असे, म्हणजे कलासाहित्याच्या वेष्टनासाठी असलेल्या अमेरिकी मानकाचे नाव, छापलेले असले म्हणजे रंग निर्धोक आहे असा समज आहे, तो बरोबर नाही. त्या साहित्याच्या दीर्घकालीन धोक्यांची तपासणी झाली आहे आणि गरज असल्यास तशी सूचना वेष्टनावर दिली आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून त्या खुणेपुढे थांबू नये, वेष्टनावरच्या धोक्याच्या सूचनाही वाचाव्यात. ऍक्रिलिक रंग वाळले की कपड्यांवरून निघत नाहीत आणि ब्रश दगडासारखे होतात, त्यामुळे ते मोठ्या मुलांपुरते आणि देखरेखीखालीच ठेवावेत. भुकटीचे रंग प्रौढांनी वर्गापूर्वी कालवून ठेवावेत, म्हणजे ती पूड मुलांच्या श्वासात जात नाही. उग्र वासाचे कायमस्वरूपी मार्कर, फवाऱ्याचे रंग, द्रावकमिश्रित गोंद आणि धारदार कटर मुलांच्या खोलीत आणूच नयेत. तीन वर्षांखालील भावंडे वर्गात रेंगाळत असतील तर मणी, बटणे यांबाबत विशेष दक्षता हवी. खेळण्यांच्या तपासणीत जे लहान नळकांडे वापरतात त्याचा व्यास साधारण ३२ मिलिमीटर असतो, आणि त्यात पूर्ण मावणारी कोणतीही वस्तू घशात अडकू शकते.

दोन बारीक गोष्टी सहसा विसरल्या जातात. डावखुऱ्या मुलांसाठी डाव्या हाताची कात्री ठेवावी, कारण उजव्या हाताच्या कात्रीने त्यांना कापण्याची रेघच दिसत नाही आणि त्यांना उगाच बेंगरूळ ठरवले जाते. आणि रंगांच्या बाटल्यांवर रंगाचे नाव लिहावे. लाल व हिरव्यातील फरक नीट न कळण्याचा दोष एक्स गुणसूत्रातून येतो, म्हणून तो मुलग्यांत मुलींपेक्षा बराच अधिक आढळतो, आणि ज्याला तो असतो त्या मुलाला स्वतःलाच बहुधा त्याची कल्पना नसते.

मुले येण्यापूर्वीची खोली

वर्ग सुरळीत चालणे हे मुले येण्यापूर्वीच्या अर्ध्या तासावर अवलंबून असते. टेबलांवर जुनी वर्तमानपत्रे किंवा प्लास्टिकचे आच्छादन पसरावे, पाण्याची भांडी रुंद बुडाची घेऊन अर्धीच भरावीत, आणि प्रत्येक भांड्याशेजारी ब्रश पुसायचे फडके ठेवावे. ओली चित्रे कोठे वाळत ठेवायची हे आधी ठरवून जागा मोकळी करून ठेवावी. हे न केल्यास एक मूल ओला कागद दोन्ही हातांत धरून खोलीभर फिरते आणि त्याच्या मागून थेंबांची रांग लागते. कागदाच्या मागे नाव आणि तारीख घालण्याचे काम रंगापूर्वी करून घ्यावे, नंतर ते होत नाही.

मुलांना साहित्य स्वतः घेता यावे अशा उंचीवर ते ठेवावे. दर वेळी "ताई, हिरवा द्या" म्हणत उठावे लागले की मूल आपल्यावर अवलंबून राहते आणि आपण वाटपात अडकून पडतो. चाकाच्या खुर्चीवरील मुलासाठी टेबलाखाली गुडघे जातील एवढी जागा हवी. आवाजाने किंवा गर्दीने अस्वस्थ होणाऱ्या मुलासाठी एक कोपरा शांत ठेवावा, आणि तेथे जाणे ही शिक्षा वाटू नये याची काळजी घ्यावी. हाताला चिकट रंग लागणे ज्यांना सहन होत नाही अशी मुले प्रत्येक गटात एखाददुसरी असतात. त्यांना ब्रश, स्पंज किंवा हातमोजे द्यावेत आणि त्यावर चर्चा करू नये.

प्रत्यक्ष दीड तास

सुरुवातीची दहा मिनिटे मुलांना स्थिरावू द्यावी. मग आजचे काम दाखवावे, तेही पाच मिनिटांत आणि एखाद्या अपुऱ्या नमुन्याने. पूर्ण झालेला देखणा नमुना भिंतीवर लावला की वीस मुले त्याच्या वीस प्रती करतात आणि ज्यांची प्रत जमत नाही ती रडकुंडीला येतात. त्याऐवजी तंत्र दाखवावे: दोरा रंगात बुडवून घडी घातलेल्या कागदात ओढला की काय होते, मेणखडूवर पाणीदार रंग का थांबत नाही, बाटलीच्या झाकणांनी व वाळक्या पानांनी ठसे कसे उमटतात. तंत्र सर्वांना एकच द्यावे आणि त्यातून काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

त्यानंतरची पन्नास मिनिटे मुलांची असतात. या वेळात स्वयंसेवकाने उभे राहून फेऱ्या मारू नयेत. मुलांच्या पातळीवर बसावे, एका टेबलाशी थोडा वेळ थांबावे, पाणी बदलावे, पडलेला रंग पुसावा. काही मुले दहा मिनिटांत "झाले" म्हणून उठतात. त्यांना पुन्हा बसवण्याऐवजी दुसरा कागद, माती किंवा कागदकामाचे टेबल मोकळे ठेवावे. काहींना दीड तासही अपुरा पडतो, आणि त्यांचे काम नाव लिहिलेल्या कागदाच्या घडीत पुढच्या आठवड्यासाठी जपून ठेवावे. संपण्यापूर्वी पंधरा मिनिटे आणि पुन्हा पाच मिनिटे आधी सांगावे, कारण रंगात बुडालेल्या मुलाच्या हातातून अचानक ब्रश काढून घेणे हा त्याच्या दृष्टीने अन्यायच असतो.

चित्राविषयी काय बोलावे

"हे काय आहे?" हा प्रश्न टाळावा. कधी ते काहीच नसते, नुसती रंगाची गंमत असते, आणि विचारल्यामुळे मुलाला घाईने "घर" म्हणावे लागते. "वा, किती छान कुत्रा!" असे म्हणून आपण कधी कधी कोणाच्या तरी आजीला कुत्रा ठरवून बसतो. जे डोळ्यांना दिसते ते बोलावे: "येथे तू रेघ खूप जोरात ओढली आहेस", "हे दोन निळे वेगवेगळे झाले आहेत, कसे केलेस?", "या कोपऱ्यात काहीच नाही, तसेच ठेवायचे आहे का?" मूल त्यावर बोलू लागले तर ऐकावे, आणि नाही बोलले तर पुढे जावे.

सरसकट कौतुकाचाही उपयोग नसतो. प्रत्येक चित्राला "छान" मिळते हे मुलांना दुसऱ्याच दिवशी कळते आणि त्या शब्दाची किंमत संपते. बक्षिसांबाबत तर एक प्रयोग प्रसिद्ध आहे: स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्र काढण्याची आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर तो केला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. काही मुलांना चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल असे आधी सांगितले, काहींना ते अनपेक्षितपणे दिले, काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळेत, आधी आमिष दाखवलेली मुले इतरांपेक्षा बराच कमी वेळ चित्रे काढताना दिसली. स्पर्धा, क्रमांक आणि चांदण्यांचे शिक्के वर्गाबाहेर ठेवावेत हे माझे मत त्यानंतर अधिकच पक्के झाले आहे, जरी पालक अधूनमधून त्यांची मागणी करतात.

अडचणीचे प्रसंग

"मला येत नाही" हे वाक्य प्रत्येक वर्गात ऐकू येते. "येते की तुला" असे म्हणून त्याची समजूत पटत नाही. काय येत नाही ते विचारावे, बहुधा उत्तर नेमके असते, "मांजराचे पाय." मग खरे मांजर कसे बसते याविषयी बोलावे, छायाचित्र पाहावे, आपणच तसे बसून दाखवावे, आणि आपल्या कागदावर तीन-चार निरनिराळ्या वाकड्या प्रयत्नांनी पाय काढून दाखवावेत. आपलेही पहिल्या फटक्यात जमत नाही हे मुलाने पाहिले की त्याची भीती पुष्कळ कमी होते.

एकाने दुसऱ्याचे चित्र उतरवले तर त्याला चोरी म्हणू नये, मुले एकमेकांचे पाहूनच बरेच शिकतात. ज्याचे उतरवले तो रागावला असेल तर त्याचा राग मात्र खरा मानावा. दुसऱ्याच्या कागदावर कोणी रंग सांडला तर आधी कागद वाचवावा, मग न्यायनिवाडा. स्वतःचेच चित्र काळ्या रंगाने झाकणारे किंवा फाडणारे मूल दिसले तर घाबरून जाऊ नये. काळा रंग सगळ्यांवर मात करतो याचा शोध प्रत्येक मुलाला कधीतरी लागतोच. रक्त, बंदुका, राक्षस यांची चित्रे पाहून मुलाच्या मनाविषयी निष्कर्ष काढणे हे आपले काम नाही आणि त्याचे प्रशिक्षणही आपल्याकडे नसते. एकाच मुलाच्या वागण्यात आणि चित्रांत आठवडेच्या आठवडे काही खटकत राहिले तर मुख्य शिक्षकांशी बोलावे, पालकांना दारात गाठून नाही.

भाषा न कळणारे मूल वर्गात आले तर त्याच्याशी हातवाऱ्यांनी बोलावे आणि शब्दांची घाई करू नये. अशी मुले काही आठवडे गप्प राहतात आणि कामात मात्र सर्वांत बुडालेली असतात.

आवराआवर, प्रदर्शन आणि निरोप

आवरण्यात मुलांना सामील करून घ्यावे. एकाने पाणी ओतायचे, एकाने खडू रंगानुसार लावायचे, एकाने टेबल पुसायचे, असे ठरवून दिले की ते चटकन होते. ब्रश धुऊन केस वर करून ठेवावेत, पाण्यात उभे ठेवल्यास त्यांची टोके कायमची वाकतात. मातीचे हात आणि अवजारे आधी बादलीत धुवावीत, गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी ओतावे, नाहीतर मोरी तुंबते. वाळलेली माती झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. तिच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसांना अपायकारक आहे.

प्रदर्शन भरवायचे असेल तर निवडक "चांगली" चित्रे न लावता प्रत्येक मुलाचे एक चित्र लावावे आणि कोणते लावायचे ते त्यालाच ठरवू द्यावे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम ३१ मुलांना खेळाचा आणि कलाजीवनात भाग घेण्याचा हक्क देते, तर कलम १२ मुलाशी संबंधित बाबींत त्याचे मत विचारात घ्यावे असे सांगते. एखाद्या मुलाने "माझे लावू नका" म्हटले तर ते चित्र भिंतीवर जात नाही, पालकांनी कितीही आग्रह धरला तरी. चित्रे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावीत, आणि चित्राखाली नाव लिहिताना बाहेरच्या लोकांसमोर फक्त पहिले नाव असावे.

घरी परतल्यावर दहा मिनिटे वहीत नोंद करावी: कोण आले नव्हते, कोणाला कोणते तंत्र भावले, कोणता रंग संपत आला, पुढच्या वेळी काय निराळे मांडायचे. या नोंदी पुढे आपल्या जागी येणाऱ्या स्वयंसेवकाला उपयोगी पडतात, फक्त त्यांत मुलांच्या घरगुती गोष्टी लिहू नयेत. आणि काम थांबवायचे ठरले की मुलांना किमान दोन आठवडे आधी सांगावे. न सांगता नाहीसे झालेल्या माणसाबद्दल लहान मुले पुष्कळदा असे समजतात की आपल्याच वागण्याने तो गेला. शेवटच्या दिवशी प्रत्येकाची अपुरी चित्रे त्याच्या हाती द्यावीत आणि जी मुले त्या दिवशी आली नसतील त्यांची घडी नाव लिहून मुख्य शिक्षकांकडे सोपवावी.